शंकेचा फासा

दरीवर पूल नव्हताच. तो रेश्माने उभा केला होता, म्हणजे खेळातल्या तिच्या चांदणी नावाच्या मायाविनीने. मागे लागलेले पाच शिपाई त्यावर पाय टाकणार की नाही, यावर आमचा तो शनिवार अडून बसला होता.

"टाकणार," रेश्मा म्हणाली. "पूल डोळ्यांना दिसतोय, आम्ही पलीकडे उभे दिसतोय. माणूस पाय टाकणारच की."

"पाचांतल्या एकालाही संशय येणार नाही?" शीतलने विचारलं.

"का यावा?"

 शीतलने पाचही शिपायांसाठी वीस पैलूंचा फासा एकेकदा टाकला. चौथ्या शिपायाला मोठा आकडा पडला. त्याला कळलं की पूल खोटा आहे, त्याने ओरडून बाकीच्यांना थांबवलं, आणि रेश्माचा पूल विरून गेला. रेश्माने आपला कागद उलटा करून ठेवला. मागच्या शनिवारीही असंच झालं होतं आणि त्याच्या मागच्या शनिवारीही. ती म्हणाली, ही मायाविद्या नव्हे, हे तर जत्रेतलं सोंग झालं, लांबून पोरंसुद्धा ओळखतात.

आम्ही चौघं तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात, शीतलच्या वडिलांच्या हळदीच्या अडतीवरच्या माडीत जमायचो. शीतल मगदूम आमचा म्होरक्या. आमच्या भागात जैन घरांत शीतल हे मुलाचं नाव असतं, परगावच्या माणसाला ते दरवेळी सांगावं लागतं. पुण्याला इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर त्याला या खेळांचं वेड लागलं. वडिलांनी अडतीवर बसायला परत बोलावलं तेव्हा तो वेड सोबत घेऊन आला आणि मराठीतला स्वतःचा खेळ रचायला बसला. नाव ठेवलं 'सात वेशी', एकेक वेस म्हणजे खेळाचा एकेक टप्पा. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी मायावी. सूत्रधार समोर काय आहे ते सांगतो, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे फासा ठरवतो. शीतल सूत्रधार. रेश्मा मुल्ला मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. हेरवाडे अण्णा वीज मंडळात होते, वयाने आमच्याहून बरेच मोठे, बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांचा पुतण्या आधी खेळायला यायचा, त्याने एकदा त्यांना आणलं. पुढे पुतण्या यायचा थांबला, अण्णा येतच राहिले. आणि मी, वैजयंती साळुंखे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. शीतलने मला बोलावलं ते खेळायला नव्हेच, फाशांचं गणित बघायला. मग मी तिथलीच झाले.

खेळाचं सगळं जमून आलं होतं, अडत होतं ते भासांपाशी. आगीचा मंत्र सोपा असतो. फासा टाका, किती भाजलं ते मोजा, संपलं. भासाचं माप कशाने काढणार? पहिल्या वेळी आम्ही भासांना मोकळं सोडलं, तर रेश्माने महापूर दाखवून अख्खी फौज एका डावात पळवली आणि अण्णांचा योद्धा तलवार उपसूनच उभा राहिला. मग शीतलने सगळ्यांना शंकेचा फासा दिला, म्हणजे जो कुणी भास बघेल त्याने फासा टाकून बघायचं की त्याला तो ओळखता येतो का. तर भास टिकेनासेच झाले.

त्या शनिवारी मी त्यांना समजावलं की चूक फाशात नाही, तो किती जण टाकतात त्यात आहे. एकेका शिपायाला ओळखण्याची संधी चारात एक, म्हणजे कमीच. पण पाच शिपाई असले तर चारदा खेळून तीनदा त्यांतला कुणी ना कुणी ओळखणारच. आणि एकाने ओळखलं की तो ओरडतो, सगळ्यांचं काम होतं. मायावी जितक्या जास्त लोकांना फसवायला जाईल तितका लवकर उघडा पडेल.

"मग संधी कमी कर," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, कमी केली तर एकटा माणूस कधीच सुटणार नाही. मी तेव्हा जे सुचवलं, त्यावर पुढे आम्ही कितीतरी शनिवार घालवले. शंका फुकट मिळायची नाही. ज्याला शंका घ्यायची त्याने आधी कारण सांगायचं. काल इथे पूल नव्हता, पुलावर धूळ उडत नाही, पुलाची सावली पडत नाही. कारण सूत्रधाराला पटलं तरच फासा हातात. एकाने ओळखून आरडाओरडा केला तरी बाकीच्यांना आपोआप कळणार नाही, फक्त त्यांना फासा टाकायचा हक्क मिळेल. आणि आपलीच माणसं पुलावरून बिनधास्त चालताना दिसत असतील तर तो फासा आणखी जड होईल.

रेश्माला ते फार आवडलं. तिने तिथल्या तिथे डाव पुन्हा मांडायला लावला. या वेळी तिने पुलावर धूळ उडवली, सावली पाडली, लाकूड करकरल्याचा आवाजही केला, आणि शीतलचे पाचही शिपाई दरीत गेले. अण्णा मनापासून हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या शनिवारी शीतलने सांगितलं की त्याने हे बंगळूरला कळवलंय आणि कुरियनसाहेब खूश आहेत.

हे कुरियन म्हणजे आमचे प्रकाशक. बंगळूरला त्यांची खेळ छापणारी छोटी कंपनी होती. शीतलची आणि त्यांची एका प्रदर्शनात गाठ पडली होती, आणि मराठीतला असा पहिला खेळ छापायला ते तयार झाले होते. मी माडीवर यायला लागले त्याच्या आधीपासूनचं हे ठरलेलं होतं. दर काही शनिवारांनी शीतल त्यांचा निरोप सांगायचा. अमुक वेस फार लांबते, वैदूला फार ताकद दिलीय, भासांचा तोल पक्का झाल्याशिवाय छापायला घ्यायचं नाही. आम्ही मान डोलवायचो आणि कामाला लागायचो. मी सकाळी कॉलेजला जाण्याआधी फाशांचे हिशोब करायचे. घरी विचारलं तर पेपर तपासतेय म्हणायचे. आमच्या माडीवर हळदीचा बारीक धुरळा सारखा यायचा. आईला माझ्या बोटांच्या पेरांवर पिवळं दिसलं की ती म्हणायची, तुला हळद लग्नाआधीच लागलेली दिसते.

त्याच वर्षी मला कोलकात्याला संशोधनासाठी जागा मिळाली.

ही माझी जुनी इच्छा होती. दोनदा प्रयत्न फसले होते. बाबांनी तर आनंदाच्या भरात मावशीला, काकांना, शेजारच्या पटवर्धन वकिलांनाही सांगून टाकलं. मी शीतलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जा की, अशी संधी कोण सोडतं, खेळाचं आम्ही बघू काहीतरी. मोकळेपणाने म्हणाला. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पण आठवड्याने माडीवर तो मला बाजूला घेऊन म्हणाला की कुरियनना दिवाळीत खेळ बाजारात आणायचा आहे. आणि त्यांनी एक अट घातली आहे.

"भास कोण करतंय, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, त्या वैजयंती शेवटपर्यंत असतील ना? त्या नसतील तर भासांचा भाग काढून टाकू, बाकीचं छापू." त्याने खांदे उडवले. "मी म्हटलं, काढा. तुझं जाणं महत्त्वाचं."

मला आजही नीट सांगता येणार नाही की मला तेव्हा नक्की काय झालं. कॉलेजात मी शिकवत होते ते कुणीही शिकवू शकलं असतं. कोलकात्याला गेले असते तरी पन्नासांतली एक असते. आणि इथे शेकडो मैलांवरच्या एका अनोळखी माणसाने नाव घेऊन माझ्याबद्दल विचारलं होतं. मी कोलकात्याला नकार कळवला. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी जेवताना बोलले नाहीत.

मी माडीवर हे सांगितलं तेव्हा रेश्माने नुसता माझा हात धरला आणि लगेच चहा टाकायला उठली. अण्णा बराच वेळ शीतलकडे बघत राहिले. माझ्या त्यागाने सगळ्यांना गहिवरून आलं आहे, असं मला वाटलं.

दिवाळी आली आणि गेली. शीतल म्हणाला, कागदाचे भाव वाढलेत, कुरियनना चित्रकार बदलायचाय, आता गुढीपाडव्याला. आम्ही पुन्हा सातव्या वेशीपासून सगळं तपासायला घेतलं. मी तोवर भासांचे तीन थर केले होते, नुसता दिसणारा, आवाजासकट, आणि हाताला लागणारा. तिसऱ्या थराचा तोल काही केल्या साधेना. भासातल्या तलवारीने माणूस मरतो की नाही यावर मी आणि रेश्मा एकदा संक्रांतीचे तिळगूळ खात संध्याकाळपर्यंत भांडलो. ती म्हणायची, ज्याला मेलोय असं वाटलं तो मेलाच. मी म्हणायचे, नाही, तो पडेल, घाबरेल, पण भास संपला की उठेल, उठलाच पाहिजे. शेवटी माझं ठेवलं.

त्यानंतर कॉलेजने मला एका कार्यशाळेसाठी बंगळूरला पाठवलं. मी शीतलला सांगितलं नाही. परत आल्यावर सगळ्यांना चकित करायचं असं ठरवलं होतं. निघताना मी भडंगाचे दोन पुडे घेतले, आणि कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी दुपारी विचारत विचारत कुरियनांचं ऑफिस गाठलं.

ऑफिस म्हणजे एका खेळण्यांच्या दुकानामागची खोली होती. कुरियन साठीचे, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेला. मी इंग्रजीत सांगितलं की मी सांगलीहून आले, 'सात वेशी'मधून. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला वाटलं उच्चाराने गोंधळ झाला असेल. मग मी हसून म्हटलं, "भास मी करते."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. शीतलचं वर्णन केल्यावर त्यांना आठवलं. होय, बऱ्याच दिवसांपूर्वी प्रदर्शनात एक उत्साही तरुण भेटला होता, हळदीचे व्यापारी. त्याने खेळ दाखवला, चांगला होता. पण आपण फक्त पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ छापतो, तेही इंग्रजीत, हे त्याला तेव्हाच सांगितलं. त्याने नंतर एकदा फोन केला, तेव्हाही नाही म्हटलं. त्यानंतर काहीच नाही. एवढं बोलून ते थांबले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवून विचारलं की हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का. मी म्हटलं, काहीतरी समजुतीचा घोटाळा झाला असेल. भडंगाचे पुडे टेबलावर ठेवले. त्यांनी माझ्यासमोर एक फोडून चार दाणे तोंडात टाकले आणि छान आहे म्हणाले. भले गृहस्थ होते. मला त्या भलेपणाचाच जास्त त्रास झाला.

परतीच्या गाडीत मी स्वतःचा विचार फार केला नाही, हे खरं सांगते. मी अण्णांचा विचार करत होते. अण्णांना बढती मिळाली होती, पण त्यासाठी परभणीला जावं लागणार होतं म्हणून त्यांनी ती सोडली होती. रेश्मा घरच्यांशी भांडून शनिवारची सुट्टी घ्यायची. या माणसांना हे सांगायचं कसं, याची मी वाक्यं जुळवत होते. शीतलला काय बोलायचं ते तर ठरवावंही लागलं नाही.

शनिवारी मी गेले तेव्हा तिघंही आलेले होते. शीतल पिशवीतून फासे काढून सतरंजीवर ओतत होता. मी खांद्यावरची पर्स न काढताच बसले.

"बंगळूरला कुरियनना भेटून आले," मी म्हटलं.

शीतलचा हात थांबला. पण मी त्याच्याकडे बघितलंच नाही, अण्णांकडे आणि रेश्माकडे बघत सगळं सांगितलं. प्रदर्शन, फोन, दोन्ही वेळचा नकार. कुणी छापत नाहीये, कुणी कधी छापणारच नव्हतं, दर शनिवारचे ते निरोप शीतल घरून तयार करून आणत होता. मी वाक्यं नीट जुळवली होती, ती सगळी बोलून झाली. मग मी वाट बघितली.



अण्णा सांडलेले फासे एकेक करून गोळा करत होते. रेश्मा खिडकीकडे बघत होती. खाली यार्डात सौदे चालले होते, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं त्यांना धक्का बसलाय. मग मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही बढती सोडलीत यासाठी."

अण्णांनी फासे पिशवीत टाकले. "यासाठी नाही गं सोडली," ते म्हणाले. "शनिवारसाठी सोडली. घरी बसून काय करणार होतो."

"पण तुम्हाला हे—"

"ठाऊक होतं."

मी रेश्माकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. म्हणाली, "मला शीतलनेच सांगितलं होतं. तू यायला लागायच्या आधीच. अण्णांनी मागनं स्वतः फोन करून खात्री केली. आम्हाला काय फरक पडत होता वैजू? छापलं काय, न छापलं काय."

 मी विचारलं, "आणि मी?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्या बघण्यातूनच मला कळलं की यावर त्यांचं आधी बोलणं झालेलं होतं, कदाचित कितीदा तरी. मी गेल्यावर, जिना उतरल्यावर.

"तुला सांगितलं असतं तर तू कोलकात्याला गेली असतीस," रेश्मा म्हणाली.

"गेले असते."

"मग हे मोडलं असतं. तुझ्याशिवाय हे चालत नाही. तुला माहितेय ते."

 मग शीतल बोलायला लागला, आणि अगदी शांतपणे, मला एखादा नियम समजावून सांगावा तसा बोलला. तो म्हणाला की आधी एक टोळकं होतं, सहा-सात जणांचं. कुरियनचा नकार आला आणि महिन्याभरात सगळे पांगले. पुढे नव्याने येणाऱ्यांना त्याने नकार सांगितलाच नाही. कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की माणसं वेळेवर येतात, नेमाने काम करतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"तू जे केलंस ते तरी खरं आहे ना?" तो म्हणाला. "ते भास, तो तोल. त्यात काय खोटं आहे? आणि कोलकात्याला जाऊ नकोस असं मी तुला एकदाही म्हटलेलं नाही. आठवून बघ."

आठवायची गरज नव्हती. म्हटलं नव्हतं खरंच.

"त्यांनी माझं नाव घेऊन विचारलं, असं म्हणालास."

यावर तो पहिल्यांदा अडखळला. सतरंजीचा एक दोरा ओढत म्हणाला, "ते जरा जास्त झालं."

मी उठले. भांडले नाही, रडले नाही. त्या माडीवर मला कुणी आपलं वाटलं असतं तर रडले असते. रेश्मा जिन्यापर्यंत आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, राग उतरला की ये, आम्ही तुझी चांदणीसमोरची जागा तशीच ठेवतो. हे ती अगदी मनापासून म्हणाली. मी खाली उतरले तेव्हा वर अण्णा विचारत होते की आज खेळायचं का, आणि शीतल म्हणाला, खेळू की, आलोच आहोत तर.

नंतरचं थोडक्यात सांगते. कोलकात्याला मी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला, झालं नाही. तिसऱ्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि तो विषय आमच्या घरातून गेला. बाबा अंथरुणावर पाच वर्षं होते. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मी अजून त्याच कॉलेजात त्याच पहिल्या वर्षाच्या पोरांना मध्य आणि मध्यक शिकवते. माडीवर परत गेले नाही. रेश्मा लग्न होऊन बेळगावला गेली. बाजारात शीतल दिसला तर मी रस्ता बदलायचे, मग काही वर्षांनी रस्ता बदलायचाही सोडला.

मागच्या हिवाळ्यात अण्णा घरी आले. काठी टेकत, रिक्षा थांबवून ठेवून. 'सात वेशी' खेळ छापून झाला म्हणाले. शीतलने स्वतःच छापला, आताच्या पोरांमध्ये या खेळांचं भलतंच खूळ आहे, पुण्याहून मागण्या येताहेत. प्रकाशन इथेच, सांगलीच्या विश्रामबागेत आहे. "भासांच्या भागावर तुझं नाव आहे," ते म्हणाले. "एकदा ये. मी सांगतोय म्हणून ये."  मी येते म्हटलं.

सभागृह भरलेलं होतं. बहुतेक सगळी विशीतली मुलं, त्यांत माझ्या कॉलेजातलीही होती. शेवटच्या वर्षाची सुकन्या चौगुले मला बघून धावत आली आणि माझ्या शेजारीच बसली. शीतलने छापण्याआधी तपासायला दिलेली प्रत तिच्या ग्रुपकडे होती, त्यात वाचूनच तिला मी भास लिहिलेत हे माहीत होतं. आमचा ग्रुप तुमच्या नियमांवर रात्रंदिवस भांडतो मॅडम, असं ती सांगत होती.

शीतल बोलायला उभा राहिला. केस पांढरे झालेले, पण बोलणं तेच, ऐकत राहावं असं. त्याने सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. हळदीची माडी, कुरियनांचा नकार, आणि मग आपण एक खोटा प्रकाशक कसा उभा केला, दर शनिवारी त्याचे निरोप कसे रचले, ते त्याने इतकं रंगवून सांगितलं की सभागृह हसून लोटपोट झालं. मीच पहिला भास टाकला, असं तो म्हणाला, तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. मग त्याने आवाज खाली आणला. म्हणाला, त्या खोट्या प्रकाशकासाठी आमच्यातल्या एकीने कोलकात्याची संशोधनाची जागा सोडली. अशी माणसं होती म्हणून आज हा खेळ आहे. मी खोटं बोललो असं लोक म्हणतील, मी म्हणतो, मी फक्त थोडं आधी बोललो.

आणि त्याने माझं नाव घेतलं.

सगळे वळून बघायला लागले. पहिल्या रांगेत अण्णा मान वळवून मला शोधत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गेले. शीतलने माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "आता तरी?" मी नारळ नीट धरला आणि खाली उतरले.

जागेवर येऊन बसले तर सुकन्याचा चेहरा उजळून निघाला होता.

"मॅडम, खरंच सोडलीत तुम्ही जागा?"

"हो."

"किती भारी." तिने माझी शाल नुसती बोटाने चाचपली. मग गुपित सांगावं तसं म्हणाली, "मलापण हैदराबादला मिळालंय, एमएस्सीला. अजून कळवलं नाही. आमच्या ग्रुपने आत्ता कुठे स्वतःचा खेळ लिहायला घेतलाय, मी गेले तर सगळं थांबेल. घरी कुणाला हे समजतच नाही. आज तुमचं ऐकलं आणि माझं पक्कं झालं."

"सुकन्या, तू जा," मी म्हटलं. "उद्या सकाळी त्यांना कळव आणि जा. कुणाचं ऐकू नकोस."

ती हसली. मी तिची परीक्षा बघतेय असं तिला वाटलं असावं.

"तुम्ही म्हणताय होय, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः तर गेला नाहीत."

शीतलच्या टेबलासमोर सही घ्यायला रांग लागली होती. ती नवा कोरा खोका छातीशी धरून उठली, येतेच म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.